ऐंशी टंचाचा क्रॉस

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

ईप्सिता म्हणाली, तुला जे विचारायचं असेल ते मला एकदा विचार, आणि उरलेल्या चार वेळा वहीला विचार. म्हणून ही वही. ईप्सिता माझी फ्लॅटमेट. ठाण्याची आहे, बर्लिनच्या टीयूमध्ये, म्हणजे टेक्निकल युनिव्हर्सिटीत, डॉक्टरेट करते, तिला डोकं शांत लागतं. आज सकाळी मी तिला विचारलं की शुक्रवारी मी लॅबचं कपाट बंद केलं होतं का. तिला कसं माहीत असणार? तेच ती म्हणाली.

कपाट बंदच होतं.

आज एक पोलिश क्रॉस आला. लिलावघरात मी सप्टेंबरपासून आहे, पण हा प्रकार पहिल्यांदाच हातात घेतला. विर्तुती मिलितारी, म्हणजे पोलंडचं शौर्यासाठीचं सगळ्यांत मोठं लष्करी पदक. हा त्यातला चांदीचा, पाचव्या वर्गाचा. मध्ये गरुड, भोवती हिरव्या मिन्याची पानं, चारही हातांच्या कोपऱ्यांवर बारीक मणी. १९२० च्या लढाईनंतर दिलेले हे क्रॉस क्रमांकाचे असतात आणि कोणता क्रमांक कोणाला दिला याची छापील यादी मिळते. त्यामुळे लोकांना आपल्या आजोबांचा क्रॉस शोधता येतो. त्यामुळेच कोणाच्या तरी आजोबांचा क्रॉस नव्यानं करताही येतो. तो खरा की नवा, हे मी सांगायचं असतं.

फ्राऊ रॉयटर, म्हणजे आमच्या मालकीणबाई, यांनी मला मटेरियल सायन्सच्या डिग्रीवर घेतलेलं नाही. इंटरव्ह्यूमध्ये त्यांनी दोन चमचे पुढे ठेवले. मी ते टेबलाच्या कडेवर वाजवले आणि एक उचलून परत दिला, की हा चांदीचा नाही, मुलामा आहे. त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलात. मी म्हटलं, घरी. हुपरीला आमच्या घरी चांदीचं काम चालतं, पैंजण आणि घुंगरू. आण्णा, म्हणजे माझे वडील, लहानपणी माझे डोळे रुमालानं बांधायचे आणि ताटात पैंजणांचे जोड ठेवायचे. ज्यात खोट आहे तो बोटांनी काढायचा. शाळेत जायच्या आधी मला ते येत होतं.

२० नोव्हेंबर

क्रॉसची चांदी एक्सआरएफ यंत्राखाली धरली, ते क्ष-किरणांनी धातूत काय काय आहे ते सांगतं. ब्याण्णव टंच, म्हणजे शंभरात ब्याण्णव भाग शुद्ध चांदी. पुन्हा धरली, बाजू बदलून. तेच.

आमच्याकडे तुलनेसाठी जे खरे क्रॉस नोंदलेले आहेत ते सगळे ऐंशीच्या आसपास आहेत. म्हणजे हा नवा असावा. पण नकली वस्तू करणारा चांदीत भेसळ करतो, हा तर उलट जास्त घालून बसला आहे. फ्राऊ रॉयटर हसल्या. म्हणाल्या, इतका प्रामाणिक चोर मी तीस वर्षांत पाहिला नाही.

मी पण हसले. नंतर वाटलं, त्यांना खरंच हसायचं होतं की मी चूक केली असं सुचवायचं होतं? उद्या यंत्र पुन्हा तपासून घेईन.

२१ नोव्हेंबर

यंत्र बरोबर आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज फ्राऊ सोबचिक आल्या. हा क्रॉस त्यांच्या आजोबांच्या क्रमांकाचा आहे. सत्तरीच्या असतील, बर्लिनच्याच रायनिकेनडॉर्फ भागात राहतात, पूर्वी नर्स होत्या. क्रमांक कुठे दिसला तर कळावं म्हणून त्यांनी कितीतरी वर्षं लिलावघरांना पत्रं लिहून ठेवली आहेत. तपासणी पूर्ण होईपर्यंत आम्ही कोणाला वस्तू दाखवत नाही, पण फ्राऊ रॉयटर म्हणाल्या, पाच मिनिटं बघू दे.

त्यांनी स्वतःसाठी नको आहे म्हणून सांगितलं. त्यांची आई सत्त्याण्णव वर्षांची आहे, वृद्धाश्रमात. तिच्या आईनं तो क्रॉस रजईच्या काठात शिवला होता आणि पंचेचाळीसच्या थंडीत युद्धातून पळताना रजई गाडीवरून पडली. त्या वेळी रजई धरायचं काम या मुलीकडे होतं. आता तिला नातवंडांची नावं आठवत नाहीत, पण रजई कुठे आहे हे रोज विचारते.

फ्राऊ सोबचिकनी क्रॉस तळहातावर घेतला. हातमोजे घाला असं मला म्हणायला हवं होतं, मी म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "खरा आहे ना?"

मी म्हटलं, अजून काम चालू आहे.

"हो, हो," त्या म्हणाल्या. "नीट करा. मला घाई नाही. आईला आहे."

२७ नोव्हेंबर

मायक्रोस्कोपखाली मणी पाहिले. खऱ्या क्रॉसमध्ये मणी अंगचेच असतात, ठशातूनच निघतात. इथे ते वेगळे करून डाक देऊन बसवले आहेत. पोकळ आहेत, दोन वाट्या जोडून केलेले. प्रत्येकाला पाठीमागच्या बाजूनं सुईच्या टोकाएवढं भोक आहे. पोकळ मणी तापवला तर आतली हवा फुगून तो फुटतो, म्हणून भोक ठेवावं लागतं. ते पाठीमागे ठेवलं आहे म्हणजे जी बाजू छातीला लागते तिकडे. बाहेरून दिसू नये म्हणून.

आमच्याकडे घुंगराचं भोक असंच अंगाकडे ठेवतात. बाकीचे लोक कुठेही ठेवतात. आण्णांना ते चालत नाही. पण जगात इतर लोकही असा विचार करत असणारच. तो काही फार अवघड विचार नाही.

भोकाच्या कडेला कानस उजवीकडून डावीकडे फिरली आहे. आण्णा डावखुरे आहेत. जगात डावखुरे पुष्कळ आहेत.

दुपारी कँटीनमध्ये बटाट्याचं सूप घेतलं. ते गरम होतं की नाही ते आठवत नाही.

२९ नोव्हेंबर

काही लिहिण्यासारखं नाही. हात गार पडतात. हीटर पाचवर आहे. ईप्सिता म्हणाली, अगं घरात भट्टी झालीये, बंद कर तो.

१ डिसेंबर, रविवार

घरी फोन केला. आईशी नेहमीचं झालं, जेवलीस काय, थंडी आहे काय. मग आण्णांना मागितलं. विचारलं की तुम्ही कधी क्रॉस केला होता का, मध्ये गरुड, कोपऱ्यांना मणी.

ते लगेच म्हणाले, "केला की. दिवाळीच्या आधी. मधी पाखरू हाय, त्योच न्हवं?"

मुंबईच्या एका पार्टीची ऑर्डर होती, हृषीदादानं, माझ्या भावानं, आणलेली. सिनेमावाल्यांसाठी आहे असं पार्टीनं सांगितलं होतं. नमुना म्हणून फोटो आणि एक प्लास्टरचा साचा दिला होता, पाठीवर कोणता आकडा कोरायचा तेही कागदावर लिहून दिलं होतं. आण्णांना वाटलं, ख्रिश्चन लोकांचं काहीतरी असेल. पार्टी म्हणत होती चांदी हलकी घाला, परवडेल. आण्णा म्हणाले, आमच्या दुकानातनं हलकी चांदी जात नाही.

मी सांगितलं की तो क्रॉस इथे आला आहे, आणि खरा म्हणून आला आहे.

त्यांनी पलीकडे कोणाला तरी पंखा बंद करायला सांगितलं. मग आण्णांनी विचारलं, "खोट काय निघाली?"

मला बरं वाटलं. ते चिडले नाहीत. हुपरीत अशीच रीत आहे. घरोघरी काम चालतं, माल व्यापाऱ्याकडे जातो, आणि कोणाच्या मालात खोट सापडली तर ती आधी करणाऱ्याच्या कानावर घालायची, बाजारात नंतर. त्याला सुधारायला मिळतं आणि चारचौघांत त्याची शोभा होत नाही. माझा रिपोर्ट मंगळवारी जाणार आहे. त्याआधी त्यांना सांगणं बरोबरच होतं.

म्हणून मी सगळं सांगितलं. टंच जास्त आहे. मणी पोकळ आहेत, ठशातच यायला हवेत. आजची शुद्ध केलेली चांदी फार स्वच्छ असते, शंभर वर्षांपूर्वीच्या चांदीत थोडं सोनं आणि शिसं राहिलेलं सापडतं. क्रमांक यंत्रानं कोरलाय, खरा हातानं कोरलेला असतो, त्याचा तळ खडबडीत लागतो. आण्णा प्रत्येकाला हं म्हणत होते, जसं मी पूर्वी डोळे बांधून सांगत असताना म्हणायचे.

मागून हृषीदादाचा आवाज आला, "टंच किती म्हणाली? ऐंशी?"

मी म्हटलं, ऐंशीच्या आसपास.

दादा गेल्या वर्षभरात माझ्याशी धड बोललेला नाही. जर्मनीला जायला घरातून मलाच का मिळालं यावरून त्याचं तोंड वाकडं आहे. आज त्यानं फोन हातात घेऊन स्वतः दोन-चार प्रश्न विचारले. माझ्या कामात त्याला रस वाटतोय हे बघून बरं वाटलं.

३ डिसेंबर

रिपोर्ट दिला. आधुनिक नक्कल, कारणं खाली. निर्मात्याबद्दल माहिती असल्यास लिहा, असा एक रकाना असतो. तो बहुतेक वेळा रिकामाच राहतो. मी रिकामा ठेवला. रिकामं ठेवणं म्हणजे खोटं लिहिणं नव्हे. ईप्सिताला विचारलं, असं असतं ना? ती म्हणाली, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. पण ती भांडी घासत होती आणि मी तिला पूर्ण सांगितलेलं नव्हतं.

क्रॉस ज्यानं पाठवला होता त्याला परत गेला. फ्राऊ सोबचिकना फ्राऊ रॉयटरनी फोन केला. त्या म्हणे एवढंच म्हणाल्या, की म्हणजे रजई अजून तिथेच आहे.

मला वाईट वाटायला हवं होतं. मी त्याची वाट पाहिली, बसमध्ये, घरापर्यंत.

२६ डिसेंबर

सगळं बंद आहे. ईप्सिता इंगोलश्टाटला मावसभावाकडे गेली आहे. मी भात केला, दोन दिवस पुरला.

हृषीदादाचा मेसेज आला. आण्णांना बघायचंय की खरा कसा असतो, म्हातारपणी हौस आलीये, एखादा चांगला फोटो असेल तर पाठव. पाठवावा की नाही यावर अर्धा दिवस गेला. पण असे फोटो पुस्तकांतही असतात, कोणालाही विकत मिळतात. आणि आण्णांनी आयुष्यात मला इतकं दाखवलं, मी त्यांना पहिल्यांदा काही दाखवत होते. पुढून, मागून, कडेनं, आणि क्रमांकाचा जवळून, असे पाठवले. क्रमांक कोरताना हत्यार कसं धरलं असेल ते पण लिहिलं.

आण्णांनी स्वतः उत्तर दिलं. ते टाइप करत नाहीत, अंगठा पाठवतात. अंगठा आला.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. ईप्सितानं ठाण्याहून आलेले तिळाचे लाडू काढले आणि म्हणाली, घे, आणि आता गोड बोल, सारखं बरोबर आहे ना बरोबर आहे ना करू नकोस. लाडू दाताला चिकटला. गोड असावा.

आई फोनवर खूश होती. दादानं हायड्रॉलिक प्रेस घेतली आहे, आता आण्णांना हातोडा मारावा लागत नाही, खांदा दुखत नाही. काम चांगलं चाललंय. घरातली जुनीपानी चांदी पण आटवली एकदाची, नुसती पेटीत पडून होती. आजीच्या साखळ्या होत्या, तुझे बारशातले वाळे होते. आई म्हणाली, "तुला चालंल न्हवं? तू काय आता ते घालणार हाईस?"

मी म्हटलं, चालेल.

खांद्याचं ऐकून बरं वाटलं.

३ फेब्रुवारी

फ्राऊ रॉयटर म्हणाल्या की महिनाअखेर माझी प्रोबेत्साईट, म्हणजे सहा महिन्यांची चाचणीची मुदत, संपते आणि त्यांना मला कायम करायचं आहे. मी थँक यू म्हटलं. त्यांनी माझ्याकडे थोडं जास्त वेळ पाहिलं. बहुतेक चेहऱ्यावर काही आलं नसावं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुसरा क्रॉस आला. फ्राऊ सोबचिकच्या आजोबांचाच क्रमांक.

पाठवणारा वेगळा आहे, हॅनोव्हरचा. त्यानं लिहिलं आहे की बाजारात मागे जी नक्कल फिरत होती ती याच्यावरूनच केलेली होती, मूळ वस्तू पहिल्यापासून त्याच्या सासऱ्यांकडे आहे. फ्राऊ रॉयटरना ते पटलं. नक्कल कशावरून तरी होतेच. त्यांचे गाल लाल झाले होते. म्हणाल्या, वैभवी, बघाच तुम्ही.

चांदी ऐंशी टंच. आत थोडं शिसं, किंचित सोनं. मणी अंगचे. क्रमांक हातानं कोरलेला, तळ खडबडीत. कोपऱ्यात काळपटपणा जसा हवा तसा.

२१ फेब्रुवारी

आज पूर्ण दिवस त्याच्यावर होते. काही सापडत नाही. दुपारनंतर दार लावून घेतलं, रुमालानं डोळे बांधले आणि आमच्या संग्रहातल्या दोन खऱ्या क्रॉसांबरोबर तो ताटलीत ठेवून हाताळला. बोटांना तिन्ही सारखे लागले.

मग रुमाल सोडला आणि मागच्या रिपोर्टची प्रत काढली. मी तेव्हा ज्या गोष्टी काढल्या होत्या, नेमक्या त्या सगळ्या सुधारल्या आहेत. टंच, मणी, चांदीचं जुनेपण, क्रमांक. याच क्रमानं मी फोनवर सांगितल्या होत्या.

हा फक्त योगायोग असू शकतो. खरा क्रॉसही या सगळ्यांत बरोबरच असणार. तोच तर त्याचा खरेपणा. हे मी तीनदा लिहून पाहिलं. कागदावर ते बरोबर दिसतं.

फ्राऊ रॉयटरना सांगितलं, आणखी दोन दिवस द्या. त्या म्हणाल्या, अजून काय बघायचं राहिलंय? मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरं होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी घरी फोन केला. दादानं उचलला, मी म्हटलं आण्णांना दे.

मी सरळ विचारलं. क्रॉस पुन्हा केलात का?

ते म्हणाले, "पोचला व्हय तुझ्याकडं?" आवाजात भीती नव्हती, उत्सुकता होती.

मी म्हटलं, तो इथे कसला म्हणून विकला जातो ते मी तुम्हाला डिसेंबरात सांगितलं होतं. ते म्हणाले, आपण वस्तू करतो. पुढं कोण काय म्हणून विकतो ते आपण बघायला जात नाही, पैंजण घातलं तर बघतो काय कोण कुठं नाचते? हे दादाचं वाक्य असणार. त्यांना असं बोलता येत नाही. मी फ्राऊ सोबचिकबद्दल सांगितलं, त्यांच्या आईबद्दल, रजईबद्दल. ते ऐकत होते. मला वाटतं ऐकत होते.

मग म्हणाले, "तूच न्हवं खोट सांगितलीस? सांगितल्यावर सुधारायची, हेच शिकवलं तुला. आता बाई मी सुधारली."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"आता हाय काय त्यात खोट?"

"नाही आण्णा. काहीच नाही."

त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला. मग बाजूला कोणाला तरी म्हणाले, जमलं गं. आईला म्हणाले असावेत. मला ऐकू जावं म्हणून नाही, तसेच म्हणाले. एकसष्टाव्या वर्षी ठशाचं काम पहिल्यांदा केलं त्यांनी.

फोन ठेवल्यावर मी कपडे धुवायला टाकले. बाकीची कामंही उरकली. बर्लिनमध्ये रविवार होता आणि खालच्या अंगणात कोणीतरी सायकलला पंप मारत होतं.

२४ फेब्रुवारी

माझ्याकडे पुरावा नाही. वस्तूत काही सापडत नाही. मी खरा आहे असं लिहिलं तर ते खोटं आहे हे जगात कोणी सिद्ध करू शकणार नाही, मी सोडून. मी खरा नाही असं लिहिलं तर कारण द्यावं लागेल, आणि कारण एकच आहे, त्याला पत्ता आहे.

ईप्सिताला आज सगळं सांगितलं. एकदाच. ती चहाचा कप घेऊन समोर बसली. मग म्हणाली, जेलमध्ये टाकतील का गं काकांना? मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, त्या आजी किती दिवस आहेत? मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, मग त्यांना मिळाला तर कोणाचं काय जातंय? मी विचार केला. कोणाचं काय जातंय याचा हिशेब मला लागेना.

मग तिनं विचारलं की तू रडत का नाहीयेस, मला भीती वाटते. मी म्हटलं, येत नाहीये.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

फ्राऊ सोबचिक न कळवता आल्या. त्यांच्या आईनं परवापासून खाणं सोडलं आहे. डॉक्टर म्हणाले, आता आठवडा म्हणू नका. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की क्रॉस पुन्हा आलाय. फ्राऊ रॉयटर बँकेत गेल्या होत्या. माझ्या टेबलासमोर त्या कोट न काढता बसल्या.

त्यांना कागद नको होता. लिलाव, किंमत, ते सगळं नंतर, म्हणाल्या. आज तो एक तासासाठी न्यायचा, आईच्या हातात ठेवायचा आणि परत आणायचा. माझं ओळखपत्र ठेवून घ्या, घड्याळ ठेवून घ्या. पण आईला मी आयुष्यात खोटं सांगितलेलं नाही, मला ते जमत नाही, ती माझ्या तोंडाकडे बघून ओळखते. म्हणून तुम्ही फक्त मला सांगा. तुम्ही हो म्हणालात तर मला तिला हो म्हणता येईल.

क्रॉस आमच्या दोघींच्या मध्ये कापडावर होता. मी त्याच्याकडे पाहत होते. फार सुंदर झाला आहे. पानांचा मिना जिथे पातळ हवा तिथे पातळ आहे.

मी म्हटलं, "नाही."

त्यांना वाटलं, न्यायला नाही म्हणते. म्हणाल्या, फक्त एक तास.

"तो तुमच्या आजोबांचा नाही. माझ्या वडिलांनी केलाय. गेल्या महिन्यात, भारतात, आमच्या घरी."

मला वाटलं, ओरडतील. त्यांनी विचारलं, वडिलांनी? मी म्हटलं, हो. मागचाही. त्यांनी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? मी म्हटलं, मागचा नोव्हेंबरात. हा रविवारी.

त्यांनी पर्स उघडली, बंद केली. उठल्या. दाराशी जाऊन वळल्या आणि मोठ्या आवाजात नाही, नर्स पेशंटशी बोलते तशा म्हणाल्या, "हो म्हणता आलं असतं तुम्हाला."

मी म्हटलं, "हो."

फ्राऊ रॉयटर परत आल्यावर त्यांना सांगितलं. सगळं, फोन, फोटो, अंगठा. त्यांनी क्रॉस तिजोरीत ठेवला आणि पोलिसांना फोन लावला. लावण्याआधी म्हणाल्या, तुम्ही गप्प बसला असतात तर मी सही केली असती. ते त्या चांगुलपणानं म्हणाल्या की कशानं, ते मला आज ओळखता येत नाही.

घरी आधी सांगितलं नाही. पोलिसांचं संध्याकाळी कळवलं, मेसेज करून.

२८ फेब्रुवारी

प्रोबेत्साईट संपली. नोकरीही. फ्राऊ रॉयटरनी हात हातात घेतला, त्यांचा गरम होता.

त्यांनीच सांगितलं की फ्राऊ सोबचिकची आई बुधवारी गेली. शेवटी काय विचारत होती, ते मी विचारलं नाही.

हृषीदादाचे मेसेज येतात. मी वाचते, ते वाचावेत असं मला वाटतं. मुंबईच्या पार्टीचा फोन बंद लागतोय. दादानं लिहिलंय की तूच शिकवलंस आणि तूच पकडून दिलंस, असं कोण करतं. आईनं एकच लिहिलं, आण्णा कामावर बसत नाहीत.

आण्णांकडून काही नाही.

६ मार्च, गुरुवार

पोलिसांकडे गेले. ज्यांनी जबाब घेतला ते क्रुगर नावाचे अधिकारी, माझ्या आण्णांच्या वयाचे. बोलायला सभ्य. खोलीत कुंडीत निवडुंग होता.

निर्मात्याचं पूर्ण नाव विचारलं. विलास पोतदार. गावाचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं, एच, यू, पी, ए, आर, आय. नातं विचारलं. मी फाटर म्हटलं, वडील. त्यांनी मान वर केली, पाणी हवं का विचारलं, आणि सांगितलं की सख्ख्या नात्यात जबाब न देण्याचा तुम्हाला हक्क आहे, हे मी वाचून दाखवलं होतं. मी म्हटलं, वाचून दाखवलं होतं.

मग त्यांना एक गोष्ट उलगडेना. वस्तूत एकही दोष नाही असं तज्ज्ञ म्हणतात. बर्लिनच्याच दुसऱ्या दोन लोकांनी तो पाहिला आणि दोघांनी खरा म्हटलं. साठ वर्षं पैंजण करणाऱ्या माणसाला इतकं नेमकं कसं जमलं?

साठ नाही, पंचेचाळीस, मी म्हटलं. मग बाकीचं सांगितलं. कोणत्या दिवशी काय सांगितलं, कोणता फोटो पाठवला, हत्यार कसं धरायचं ते लिहिलं. त्यांनी विचारलं, तुमचा हेतू काय होता? मी बराच विचार केला. म्हटलं, त्यांना खोट कळावी.

ते टाइप करत राहिले. मग छापून कागद माझ्यापुढे ठेवला आणि सावकाश वाचा म्हणाले, चूक असेल तिथे सांगा, अजून बदलता येईल. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की साक्षीदारानं निर्मात्याला प्रशिक्षण दिलं.

मी दोनदा वाचलं. तारखा पाहिल्या, नावं पाहिली, एका ठिकाणी पंचेचाळीसचं साठच राहिलं होतं ते दाखवलं. त्यांनी दुरुस्त करून दिलं.

आणखी काही? त्यांनी विचारलं.

तिसरा परिच्छेद पुन्हा वाचला. त्यात चूक नव्हती. सही केली.